पाळीवरून बोललेलं

रोवणीचे दिवस आले की आमच्या पवनीच्या घरात चिखलाचा वास येतो. आम्हाला शेती नाही. आमचं घर हातमागावर जगलं. वडिलांच्या हाताला खळीचा वास असायचा, मातीचा नाही. हा वास रस्त्यावरून येतो. सकाळी बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्या राहून धान रोवायला जातात आणि संध्याकाळी त्याच ट्रॉलीतून परततात, तेव्हा त्यांच्या पोटऱ्यांवर वाळलेला चिखल पांढरा पडलेला असतो. ट्रॉली गेल्यावरही वास गल्लीत मागे राहतो.

यंदा त्या वासाबरोबर एक आवाजही आला. स्वयंपाकघरातून एक बाई फार गोड, फार शुद्ध बोलत होती. 'चला, आता आपण क्षणभर विचार करूया,' ती म्हणाली आणि मागे बासरीसारखं काहीतरी वाजलं. मी डोकावलो. सून मनीषा वरणाला फोडणी देत होती, आणि मिठाच्या बरणीला टेकवलेल्या फोनमध्ये ती बाई विचार करत होती. मनीषा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिचं ऑनलाइन प्रशिक्षण चालू होतं.

"मामाजी," मोहरी तडतडत असतानाच ती म्हणाली, "शेवटी अभिप्राय मागून राहिले. काय लिहू? कोरोनात तुमच्या केंद्रात तर अशी ढीगभर प्रशिक्षणं झाली. तेव्हा शिक्षकांचं काय म्हणणं होतं?"

उत्तर जिभेवर तयार होतं. सर्व शिक्षक समाधानी आहेत. एवढी वर्षं झाली, तरी ते तसंच्या तसं, इस्त्री करून ठेवलेल्या सदऱ्यासारखं वर आलं. आणि या वेळी अडकलं. मी म्हटलं, "विचार करून सांगतो." ती हसली. "तुम्हीही त्या बाईवाणीच बोलून राहिले."

मी केंद्रप्रमुख होतो. म्हणजे आसपासच्या गावांतल्या शाळांवर फिरणारा माणूस. वरचं खाली सांगायचं आणि खालचं वर कळवायचं. सायकलवर सुरुवात केली, मग मोटारसायकल आली. कोणत्या गावच्या वळणावर कुत्रं अंगावर येतं, कोणत्या शाळेत चहा गुळाचा मिळतो, हे मला पाठ होतं. कोरोनाच्या त्या पावसाळ्यात मात्र मी घरातच बसून फिरलो. सकाळी डोळे उघडायच्या आत फोन टुंग करायचा. लिंक आली. ती पुढच्या गटावर टाकायची. दुसरी लिंक आली. पहिली रद्द. अमुक प्रशिक्षण पूर्ण करणारे किती, संध्याकाळपर्यंत कळवा. बाहेर गल्ली ओस, समोरच्या दारावर कागद चिकटवलेला, कोणाच्या तरी घरून खोकल्याचा आवाज, आणि माझ्या हातात हे टुंग टुंग. शाळेत पोरं नव्हती, तरी शिक्षकांना शिकवणं शिकायचं होतं. मला ते तेव्हाही नीट कळलं नव्हतं. आजही कळलेलं नाही.

शिक्षकांचं म्हणणं काय होतं? खरं सांगायचं तर प्रत्येकाचं वेगळं होतं, आणि एकाच माणसाचं सकाळी एक, संध्याकाळी दुसरं. फोनवर एक गुरुजी म्हणाले, "साहेब, बरं झालं जी. तालुक्याले जाऊन सतरंजीवर बसायचं, पाठ आखडून घ्यायची, ते तर गेलं." तेच गुरुजी आठ दिवसांनी म्हणाले, "साहेब, मजा नाही येऊन राहिली. प्रशिक्षणात खिचडी राहे, चार माणसं भेटत, बदलीची खबर लागे. आता काय, भिंतीशी बोला." एका मॅडमची तक्रार होती की सासूबाईंना वाटतं सून दिवसभर सिनेमा पाहते. त्या म्हणाल्या, "मी त्याहिले म्हटलं, आई, यात हिरो नाही ना हिरोईन नाही. तर म्हणे, मग कायले पाहतं?" आम्ही दोघंही पोट धरून हसलो होतो. त्या दिवसांत हसू फार लवकर यायचं आणि लवकर विझायचं.

आणखी एक शिक्षक होते, एकटे राहणारे. त्यांना कोरोना झाला तेव्हा ते मागच्या खोलीत कोंडून पडले होते. बरे झाल्यावर मला म्हणाले, "सर, ते प्रशिक्षण मी दिवसभर लावूनच ठेवो. काय सांगून राहिले ते काही समजलं नाही. पण कोणीतरी घरात बोलून राहिलं, असं वाटे." हे मत कोणत्या रकान्यात बसवायचं? उपयुक्त की अनुपयुक्त? त्यांनी प्रशिक्षण पाहिलं असं म्हणायचं की नाही?

आता मूळ गोष्ट सांगतो, कारण ती टाळायला मी वासापासून खिचडीपर्यंत सगळं सांगून झालोय.

आमच्या केंद्रातलं प्रशिक्षण बहुतेकांनी केलंच नाही. ते एकट्या राजेश सरांनी केलं. राजेश सर तरुण, हुशार, मूळचे वरठीचे. टाळेबंदीत तिकडेच अडकले होते. वरठीला रेल्वे, कारखाना, त्यामुळे नेटवर्क दणदणीत. आमच्या खेड्यांत मात्र व्हिडिओ उघडला की गोल चक्र फिरत राही. तर सोय अशी निघाली: राजेश सर वरठीत बसून प्रत्येकाच्या नावाने आत शिरत. मग त्या शिक्षकाच्या फोनवर ओटीपी येई, शिक्षक तो फोन करून राजेशला सांगे, आणि राजेश व्हिडिओ चालू करून, शेवटचे प्रश्न सोडवून प्रमाणपत्र काढून देई. "राजेश, आला नंबर, घे लिहून." "हो गुरुजी, बोला." ओटीपीची मुदत थोडी, त्यामुळे बांधावरून, न्हाणीतून, जेवणाच्या ताटावरून माणसं आकडे ओरडत. एक गुरुजी तर शेजाऱ्याच्या मयतीत होते. ते कुजबुजत आकडे सांगत होते आणि बाजूचे लोक समजले, काहीतरी म्हणून राहिले बिचारे.

ही सोय मी बसवली होती. कोणी सांगितली नव्हती. आमचं केंद्र शंभर टक्के व्हावं, असं मला वाटत होतं. मोठ्या घरची सून हळद लावून मिरवते तसा तो शंभराचा आकडा त्या दिवसांत गटागटांतून मिरवत होता. आणि खोटं कशाला सांगू, राजेशने सगळ्यांत पहिलं प्रमाणपत्र माझं काढलं.

एकट्या वनमाला मॅडमनी ओटीपी दिला नाही.

त्या निवृत्तीला आलेल्या. मूळ सानगडीच्या, पण शाळेच्या गावातच खोली घेऊन एकट्या राहायच्या. कोंढ्याच्या पुढचं ते गाव, बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, आणि मोठा तलाव. बाई भांडखोर. दुपारी मी जेवायला बसलो की नेमका त्यांचा फोन. "सर, त्या व्हिडिओत शाळा कोणती दाखवली? पोरं टाय लावून आहेत, पंखा फिरून राहिला. आपल्या जिल्ह्यातली आहे का?" मी म्हणायचो, "मॅडम, ओटीपी द्या अन् मोकळ्या व्हा." त्या म्हणायच्या, "माहं प्रशिक्षण मी करीन. राजेशचं शिकणं माह्या डोक्यात कसं येईन?"

गावात नेटवर्क फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठच्या उंच बांधावर. त्यामुळे बाई छत्री आणि फोन घेऊन पाळीवर जाऊन बसत. मी एकदाच पाहिलं. कसल्याशा तांदूळवाटपाच्या कामाने गेलो होतो. मोहाच्या झाडाखाली दगडावर बसलेल्या, छत्री खांद्यात धरलेली, फोन दोन्ही हातांनी डोळ्यांजवळ, तोंडाला पदर बांधलेला. खाली पाण्यात एक ढीवर जाळं झाडत होता. तो वर पाहून ओरडला, "काय मॅडम, लागली का मासोळी?"

"आता लागली होती बापा, तू बोंबलला न् पळाली!"

तलावापलीकडे बांध्यांत बाया वाकून रोवत होत्या. मागे मागे सरकत, हिरव्या ओळी पुढे सोडत. त्यांचं गाणं पाण्यावरून तुटक तुटक येत होतं. बाईंच्या भोवती ढीवरांची तीन-चार पोरं होती. त्या फोनमध्ये काहीतरी पाहत, मग फोन पदराखाली घेत आणि पोरांना काहीतरी विचारत, आणि गप्प बसत. मला वाटलं, बाई वेळ घालवतात. मी मोटारसायकल फिरवून निघून आलो.

मुदतीचा दिवस आला. बाईंचं प्रशिक्षण अर्ध्यावर अडकलेलं. मी गटावर लिहिलं: 'सर्वांचे अभिनंदन. आपल्या केंद्रात फक्त एक बाकी. वनमाला मॅडम, आपल्या एकट्यांमुळे केंद्र मागे आहे.' त्याखाली हात जोडलेलं चित्र. ते चित्र मी का टाकलं असेल? गटावर कोणीतरी हसरा चेहरा टाकला. मग दुसऱ्याने. त्या दिवसापासून त्यांचं नाव 'एक बाकी' पडलं. ज्यांनी काहीच पाहिलं नाही ते पूर्ण, आणि जी बाई पाळीवर बसून पाहत होती ती बाकी. हे वाक्य आज लिहिताना सोपं वाटतं. तेव्हा ते माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं, की शिरलं होतं आणि मी दार लावून घेतलं, हे मला आता सांगता येत नाही.

मग समारोपाची ऑनलाइन बैठक झाली. वरून एक अधिकारी जोडले गेले होते. आमच्या केंद्राची बैठक, म्हणून कोणाचा माईक चालू, कोणाचा बंद, हे माझ्या हातात होतं. चौकोनांत सगळे दिसत होते: कोणाचं नुसतं कपाळ, कोणाच्या छताच्या पंख्याचं पातं, एकाच्या मागे वाळत घातलेला टॉवेल. वनमाला मॅडमच्या चौकोनात छत्रीचा काळा काठ आणि मागे करडं पाणी. अधिकाऱ्यांनी विचारलं, "केंद्रप्रमुख, शिक्षकांचं मत काय आहे?" मी म्हणालो, "सर्व शिक्षक समाधानी आहेत, साहेब. प्रशिक्षणाचा चांगला लाभ झाला."

तेवढ्यात गाणं आलं. रोवणाऱ्या बायांचं, आणि त्यात छत्रीवर पडणारा पाऊस. "कोणाचा माईक आहे?" अधिकारी म्हणाले. मी वनमाला मॅडमचा आवाज बंद केला. ते योग्यच होतं. कोणीही तेच केलं असतं.

मग अधिकारी म्हणाले, "कोणाला काही सांगायचंय का?" बाईंनी माईक पुन्हा चालू केला. या वेळी बायांचं गाणं थांबलं होतं. पाऊसही उघडला होता. अगदी स्वच्छ आवाज आला, "साहेब, मले बोलायचं आहे."

आणि मी तो पुन्हा बंद केला.

वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आलो की गोंगाट होता. पहिल्यांदा होता. दुसऱ्यांदा नव्हता. बाई ओटीपीचं सांगतील, अशी भीती वाटली का? वाटली असेल. की त्या म्हणतील प्रशिक्षण चांगलं होतं, आणि मग आम्ही बाकीच्यांनी काय केलं, हा प्रश्न येईल? कोणती भीती होती, ते मला खरंच माहीत नाही. अधिकाऱ्यांना मी म्हणालो, "नेटवर्कचा प्रश्न आहे, साहेब." ते पुढे बोलू लागले. आणि त्या छोट्या चौकोनात मला दिसत होतं: वनमाला मॅडम बोलत होत्या. पदर खाली घेतलेला, ओठ हलत होते, एक हात हलत होता. कोपऱ्यात लाल रंगाचा छोटासा माईक, त्यावर आडवी रेघ. त्या बराच वेळ बोलल्या. मी त्यांच्याकडे पाहत होतो. काहीच ऐकू येत नव्हतं.

त्या पुढे निवृत्त झाल्या, मीही झालो. त्यांच्या निरोपाला चार माणसं होती. त्या कोणाशी फारसं बोलल्या नाहीत. मला वाटलं, आवाज बंद केल्याचा राग आहे, रास्त आहे. भेटायचं धैर्य झालं नाही. यंदा मनीषाने वरणाला फोडणी देता देता विचारलं आणि मला कळलं, की त्या सगळ्या पावसाळ्यातलं एकच मत मला हवं होतं आणि तेच माझ्याकडे नव्हतं.

परवा मी बसने सानगडीला गेलो. वनमाला मॅडम भावाच्या घराशेजारी राहतात. ओसरीवर टिनाचं छप्पर, अंगणात पेरूचं झाड. पाहून म्हणाल्या, "या या केंद्रप्रमुख. कोण बाकी राहिलं म्हणून आले?" त्यांनी चहा ठेवला. मी चहा येण्याआधीच सांगायचं ठरवलं होतं. चहा आला, संपला, तरी त्यांच्या गुडघ्यांविषयीच बोलत राहिलो. शेवटी म्हणालो, "मॅडम, त्या समारोपाच्या बैठकीत तुमचा आवाज मी बंद केला होता. मुद्दाम."

"कोणत्या बैठकीत?"

"पाळीवरून बोलत होत्या तुम्ही."

"बंद होता?"

"हो."

"म्हणजे मी बोलली, ते कोणालेच ऐकू नाही गेलं?"

तेव्हा मला कळलं. त्यांना माहीतच नव्हतं. पावसाळी उजेडात, ओल्या काचेवर, तो लाल माईक त्यांना दिसला नव्हता, आणि स्वतःच्या बोलण्यात माझं ते नेटवर्कचं वाक्यही ऐकू गेलं नव्हतं. एवढी वर्षं त्या समजत होत्या की सगळ्यांनी ऐकलं.

"मी तर सगळं सांगतलं जी," त्या हळू म्हणाल्या. "अन् मग थांबली. त्या प्रशिक्षणात एक गोष्ट चांगली होती. पोराले प्रश्न विचारला की आपण लगेच उत्तर सांगून टाकतो. तसं नाही करायचं. विचारायचं अन् थांबायचं. पोरगं त्याच्या बोलीत का होईना, बोलते. मी ढीवराच्या पोरांवर करून पाहिलं. जी पोरगी वर्गात तोंड उघडे ना, ते बोलली. म्हणून मी तुम्हाले सगळ्याहिले विचारलं, की आपण हे पाहिलं काहून नाही? अन् थांबली. बैठक बंद होयेपर्यंत थांबली."

ओसरीवर पाऊस आला होता, हलका.

"साहेब आपलंच सांगत राहिले, बाकी कोणी हूं नाही का चूं नाही. मले वाटलं, सगळ्याहिनं ऐकलं अन् कोणालेच पटलं नाही. राजेशलेही नाही. लेकासारखा होता तो. त्याच्या पोरीच्या बारशाले मी गेली नाही." त्यांनी कपबशी उचलली, पुन्हा खाली ठेवली. "तो बोलवाले आला होता इथपर्यंत. मी दारातूनच परत धाडलं."

मी म्हणालो, "आणखी काय बोलल्या होत्या तुम्ही? सांगा, मी आता ऐकतो."

"आता कायचं आठवते? त्या वेळचं त्या वेळी होतं." मग एकदम, वर्गात विचारावं तसं, "तुमचं काय मत होतं? प्रशिक्षणाविषयी?"

आणि त्या थांबल्या. खरोखर थांबल्या. टिनावर पाऊस वाजत होता. मी पेरूच्या झाडाकडे पाहिलं, मग माझ्या चपलांकडे. आयुष्यभर मी मतं इकडून तिकडे नेली होती. "मी पाहिलंच नाही, मॅडम," मी म्हणालो. "माझंही राजेशनंच केलं."

त्या हसतील असं वाटलं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे त्या गटावर टाका. तो गट आहे का अजून?"

गट आहे. त्यावर सकाळची फुलं येतात, कोणाच्या तरी जाण्याची बातमी येते, मग हात जोडलेली चित्रं. मी त्यांच्यासमोरच फोन काढला. बोटं जाडी झाली आहेत, अक्षरं चुकत होती. लिहिलं, की त्या वर्षीचं प्रशिक्षण आमच्या केंद्रात वनमाला मॅडमनीच पाहिलं होतं. आम्ही बाकी होतो. बैठकीत त्या बोलल्या होत्या, त्यांचा आवाज मी बंद केला होता. कोणालाही काही ऐकू गेलं नव्हतं, आणि त्यांना आजपर्यंत ते माहीत नव्हतं. हात जोडलेलं चित्र या वेळी टाकलं नाही. पाठवलं.

आम्ही दोघं फोनकडे पाहत बसलो. काही आलं नाही. पावसाचा जोर वाढला. माझ्या मनात आलं, आता पुन्हा कोणीच बोलणार नाही, आणि या वेळी सगळ्यांचे माईक चालू असतील.

मग फोन वाजला. माझा नाही, त्यांचा. त्यांनी पदराने काच पुसली, लांब धरून वाचलं.

"राजेश आहे," त्या म्हणाल्या.

फोन वाजत राहिला. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, घरात नेटवर्क नसतं असं काहीतरी पुटपुटल्या, कोपऱ्यातली छत्री घेतली आणि अंगणात पेरूच्या झाडापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

टिनावर धबधबा कोसळत होता. छत्रीचा काळा काठ, त्याखाली त्यांचा चेहरा, ओठ हलत होते. एक हात हलत होता. मग त्या गप्प झाल्या, ऐकत राहिल्या, बराच वेळ. मग पुन्हा बोलू लागल्या. मी ओसरीवरून पाहत होतो. मला काहीच ऐकू येत नव्हतं.